दस्त्यावरचे हात

मामाच्या बंदुकीचा दस्ता पडवीत जुन्या वर्तमानपत्रावर आडवा पडला होता आणि फुटक्या काचेच्या कडेनं मी त्याच्यावरचा काळा ऑइलपेंट खरवडत होतो. एप्रिलचा शेवटचा आठवडा, कुडाळजवळचं घर, पाऊस यायला महिना-सव्वा महिना. बंदूक एकनळी, बारा बोअरची. शेतीसंरक्षणाचा परवाना आजोबांच्या नावावर होता, तो पुढं मामाच्या नावावर झाला. रात्री भातात डुकरं शिरली की हवेत एक बार काढायचा, एवढंच तिचं काम. नळी आणि खटका मामानं कपाटात कुलपाआड ठेवले होते. परवाना त्याचा, तेव्हा ते योग्यच. माझ्या हाती आलं ते फक्त लाकूड.

"ह्यो रंग दर पावसात उडता," मामा म्हणाला होता. "कायतरी कायमचा बघ."

काळ्या रंगाखाली चकचकीत वारनिश निघालं, पिवळं पडलेलं, जागोजागी तडकलेलं. त्याच्याखाली तांबूस, पातळ असं काहीतरी होतं. बोळा स्पिरिटमध्ये भिजवून फिरवला तर ते चिकट झालं आणि बोळ्यावर उतरलं, म्हणजे लाखेचं पॉलिश. आणि त्याच्याही खाली, लाकडाच्या रेषांत मुरलेलं, काचेला दाद न देणारं काळपट तपकिरी तेल. रंगारी लेपाच्या एकेका थराला 'हात' म्हणतात. दस्त्यावर असे चार हात चढले होते आणि प्रत्येक हात देणाऱ्याला वाटलं असणार की हा शेवटचा.

तेव्हापासून मी ह्या हातांच्या मागावर आहे. शोधत गेलो तसं एक स्पष्ट होत गेलं: बंदुकीच्या दस्त्यासाठी म्हणून मुद्दाम शोधलेला लेप जवळजवळ नाहीच. जो आला तो दुसऱ्या कुठल्यातरी कामावरून आला. चित्रकाराच्या फळीवरून, होडीच्या तळावरून, मोटारीच्या पत्र्यावरून. बंदूक बनवणाऱ्यानं तो उचलला आणि नव्या लाकडावर नव्या अपेक्षेनं लावला.

वरच्या काळ्या थराचा वंश आखूड आहे. आपण ज्याला सर्रास ऑइलपेंट म्हणतो तो बहुतेक वेळा अल्किड रंग असतो. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत १९२० च्या दशकात हे रेझिन आकाराला आलं. त्यात वनस्पती तेल रासायनिक रीतीनं गुंफलेलं असतं, बरेचदा सोयाबीनचं, पूर्वी जवसाचं. खिडक्यांच्या गजांसाठी तो उत्तम. दस्त्यावर मात्र त्याचं काय होतं ते माझ्या नखाखाली दिसत होतं. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. लाकूड जूनमध्ये ओल पिऊन फुगतं, मार्चमध्ये आकसतं. वरचा जाड पापुद्रा तेवढा हलत नाही, म्हणून फाटतो. फटीतून पाणी आत जातं आणि पापुद्रा ते बाहेर जाऊ देत नाही. रंगाखालचं लाकूड काही ठिकाणी काळं पडलं होतं ते त्यामुळेच.

चकचकीत थराची गोष्ट मोठी आहे आणि तिची सुरुवात खुद्द बंदुकीच्या दारूत होते.

१८४६ मध्ये बासेलच्या ख्रिश्चन शोनबाइन ह्या रसायनशास्त्रज्ञानं कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांची क्रिया करून स्फोटक कापूस केल्याचं जाहीर केलं. दिसायला साधा कापूस, ठिणगी लागली की भपकन जाणारा. त्याच नायट्रोसेल्युलोजला वळण लावून १८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएयनं बिनधुराची दारू बनवली आणि जगातल्या सगळ्या फौजांना आपल्या बंदुका बदलाव्या लागल्या. पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा अमेरिकेत नायट्रोसेल्युलोज करणारे कारखाने उभे होते आणि तोफा थंडावल्या होत्या. ड्यू पाँट कंपनी मुळातली दारू बनवणारी, १८०२ पासूनची. तिनं ह्याच पदार्थापासून ड्यूको नावाचं लॅकर काढलं आणि १९२४ च्या ओकलंड मोटारगाड्या त्या निळ्या लॅकरनं रंगून बाहेर पडल्या. गाडीवरचा तेलाचा रंग वाळायला जिथं आठवडे लागत, तिथं काम तासांवर आलं. मोटारींवरून ते फर्निचरवर आणि पुढं दस्त्यांवर आलं. म्हणजे काडतुसात भरलेला आणि दस्त्यावर चढलेला पदार्थ एकाच कुळातला. मला ही नातेवाईकी विलक्षण वाटते. बंदूक साफ करण्याचं द्रावण दारूची काजळी विरघळवण्यासाठीच केलेलं असतं आणि त्याचा ओघळ लॅकरच्या दस्त्यावर आला तर तिथली चमक मऊ पडते. तेव्हा नळी साफ करताना बंदूक अशी धरावी की ओघळ लाकडाकडे येणारच नाही.

ड्यू पाँटनं १९३३ मध्ये रेमिंग्टन ह्या बंदूक कंपनीचा ताबा घेतला आणि रसायनाचं दुकान व बंदुकीचं दुकान एकाच छपराखाली आलं. १९६० च्या दशकात रेमिंग्टनच्या रायफलींवर 'आरके-डब्ल्यू' नावाचा काचेसारखा कडक लेप आला. बोलिंगच्या खेळात लाकडी पिनांवर दिवसभर जड चेंडू आदळत असतो. त्या पिनांवरच्या लेपाची ही बहीण, अशी तिची जाहिरात होती. कॅलिफोर्नियात रॉय वेदरबी दुसऱ्या महायुद्धानंतर आरशासारख्या झगमगणाऱ्या दस्त्यांच्या रायफली विकत होता. अशाच कडक लेपांतल्या पॉलियुरेथेनचं रसायन जर्मनीत ऑटो बायर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये मांडलं होतं. आज आपला फर्निचरवाला ज्याला नुसतं 'पीयू' म्हणतो ते तेच.

ह्या कडक लेपांनी एक गोष्ट खरोखर साधली. ओरखडा, घाम, पाण्याचे थेंब ह्यांना ते दाद देत नाहीत. पण दगडावर आपटून एकदा टवका उडाला की तेवढ्या जागी लेपाला लेप जुळत नाही, कड दिसत राहते. मग सगळाच दस्ता उघडा करायचा, घासायचा, पुन्हा पहिल्यापासून. मामाच्या दस्त्यावरचं पिवळं वारनिश कुणीतरी असंच अर्धवट घासून वरून काळा रंग मारून झाकलं होतं.

त्याच काळात काहींनी लाकडालाच रजा दिली. रेमिंग्टनची 'नायलॉन ६६' ही पॉइंट टू-टू बोअरची रायफल १९५९ मध्ये आली, दस्ता सबंध नायलॉनचा. व्हिएतनामच्या दमट रानात अमेरिकी मरीन नेमबाजांच्या एम-४० रायफलींचे लाकडी दस्ते ओल पिऊन वाकले. नळीला लाकूड भिडलं की गोळी फटकते, म्हणून १९७० च्या दशकात त्यांनी फायबरग्लासचे दस्ते घेतले. वंशावळीतली ही फांदी इथं सोडतो, कारण माझ्यासमोरचा दस्ता अक्रोडाचा होता आणि मामाला तोच हवा होता.

लाखेचा हात निघाला तेव्हा मला घरी आल्यासारखं झालं.

लाख हा आपल्याकडचाच पदार्थ. पळस, कुसुम, बोर ह्यांच्या कोवळ्या फांद्यांवर इवलाले किडे बसतात, रस शोषतात आणि अंगाभोवती राळेचं कवच करतात. ते खरवडून, धुऊन, वितळवून, पत्र्यासारखं ताणलं की चपडी होते. गोंदिया ही लाखेची जुनी पेठ. जगाला लागणाऱ्या लाखेपैकी फार मोठा वाटा एके काळी एकटा हिंदुस्थान पुरवत होता. १९२४ मध्ये तर रांचीजवळ नामकुमला लाखेच्या अभ्यासाची स्वतंत्र संस्था उभी राहिली. ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्या लाखेच्याच. सावंतवाडीचे चितारी कातलेल्या लाकडावर लाखेची रंगीत कांडी टेकवतात, घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळते आणि लाकडाला लपेटून बसते. गंजिफांवर चमक लाखेचीच. राजस्थानात आणि मुघल कारखान्यांत तोड्याच्या बंदुकांचे दस्ते रंगवून, वेलबुट्टी काढून वरून रोगण चढवत. जुन्या वस्तुसंग्रहालयांत असे हिरवे-सोनेरी दस्ते आजही झळकताना दिसतात.

स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख चिंधीच्या बोळ्यानं घासत चढवायची रीत युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुळली आणि 'फ्रेंच पॉलिश' ह्या नावानं आपल्या सुतारांकडे परत आली. लाख आपली, नाव त्यांचं. रशियाच्या मोसिन-नागांट रायफलींचे दस्ते सोव्हिएत कारखान्यांनी लाखेच्याच लेपानं झाकले. लाख लवकर वाळते, युद्धात घाई असते. संग्राहकांकडे आलेल्या त्या रायफलींवर जागोजाग तांबूस चट्टे आणि टवके दिसतात ते त्याचेच.

लाखेचं सुख असं की नवा हात जुन्या हातात विरघळून एकजीव होतो. दुःख असं की पाणी साचलं की पांढरा डाग, मद्य सांडलं की चिकट, उन्हात तापली की मऊ. लाक्षागृहाची गोष्ट ज्यांनी लहानपणी ऐकली त्यांना लाखेचा आणि आगीचा संबंध सांगायला नको. कोकणातल्या पावसात बाहेर काढायच्या वस्तूवर ती टिकत नाही. मामाच्या दस्त्यावर ती कुणी लावली असेल? घरातला देव्हारा आणि पाट पॉलिश करायला आलेल्या कारागिरानं, असं मामीला वाटतं.

इथं थोडं वाकडं जाऊन गोव्याला यायला हवं. १५१० मध्ये आफोन्सो द आल्बुकर्कनं गोवा घेतला तेव्हा तिथले लोहार-बंदूकवाले पाहून तो चकित झाला आणि त्यांच्या कसबाची वाखाणणी त्यानं पोर्तुगालच्या राजाला लिहून कळवली. गोवा-मलाक्का पट्ट्यात पोर्तुगीज आणि आशियाई कारागिरांच्या हातून जी तोड्याची बंदूक घडली, तिच्याच घराण्यातली बंदूक १५४३ मध्ये जपानच्या तानेगाशिमा बेटावर उतरली, असं शस्त्रांचे अभ्यासक मानतात. जपान्यांनी ती काही वर्षांतच आपल्या कारखान्यांत बनवली आणि आपला 'उरुशी' हा लेपही काही दस्त्यांवर चढवला. उरुशी हा झाडाचा चीक. तो वाळायला कोरडी हवा चालत नाही, दमट हवा लागते, म्हणून कारागीर वस्तू ओलसर कपाटात ठेवतात. पाणी, मीठ, आम्ल सगळं सोसतो. कच्चा असताना मात्र अंगावर उततो.

आता गंमत बघा. उरुशीचं झाड, आपला बिब्बा, आंबा आणि काजू, सगळे एकाच कुळातले. बिब्बा उततो, काजूच्या टरफलाचं तेल उततं, उरुशी उततो, कारण तिघांतली द्रव्यं रसायनानं सख्खी भावंडं. काजू पोर्तुगीजांनीच सोळाव्या शतकात ब्राझीलहून गोव्यात आणला. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये उरुशीला पर्याय म्हणून काजूच्या टरफलाच्या तेलापासून लेप तयार झाला आणि तिथं त्याला सरळ 'काश्यू' म्हणतात. ज्या किनाऱ्यावरच्या बंदुकीचं घराणं तिकडं गेलं, त्याच किनाऱ्यावरच्या झाडाचं नाव चारशे वर्षांनी त्यांच्या रोगणाला लागलं. मामाच्या मांगरामागं काजूची बाग आहे आणि टरफलं भाजताना हात कसे सोलवटतात हे त्या घरात कुणाला सांगावं लागत नाही. कच्चं तेल दस्त्याला लावायचा विचार मनात आला, तो मी तिथंच सोडला. ज्या लाकडाला गाल टेकवायचा त्याला उतणारं काही लावू नये.

सगळ्यात खालचा हात तेलाचा. इथं मी जास्त रेंगाळणार आहे.

जवस. विदर्भात रब्बीला निळ्या फुलांचं शेत दिसलं की तेच. जवसाची चटणी आपण खातो ती त्याच बियांची. कूट करून ठेवलं तर काही दिवसांनी खवट होतं, सगळ्यांना माहीत आहे. ह्या खवटपणातच सगळं रहस्य आहे. जवसाच्या तेलात लिनोलेनिक आम्ल निम्म्याच्या आसपास असतं आणि ते हवेतला प्राणवायू फार हावरेपणानं घेतं. चटणीत ते घेतं तेव्हा आपण नाक मुरडतो. लाकडाच्या रेषांत बसून घेतं तेव्हा तेलाचे कण एकमेकांना जोडले जातात आणि पातळ तेलाचं न विरघळणारं, चिवट जाळं होतं. पाणी उडून जातं तसं हे वाळणं नव्हे. वाळलेलं जवस तेल वजनानं वाढलेलं असतं, कारण त्यानं हवा खाल्लेली असते. खोबरेल हे करत नाही, म्हणून खोबरेल लावलेलं लाकूड महिनोन्‌महिने तेलकटच राहतं. कोकणातल्या कितीतरी दस्त्यांना अजूनही खोबरेलच लावतात आणि त्यावर धूळ बसून लाकूड काळंकुट्ट होतं.

बाराव्या शतकातल्या थिओफिलस नावाच्या संन्याशानं जवस दळून, दाबून तेल कसं काढावं आणि राळ घालून रोगण कसं शिजवावं हे लिहून ठेवलं आहे. १४०० च्या सुमारास इटलीत चेन्निनो चेन्निनीनं तेच तेल आगीवर किंवा उन्हात आटवायला सांगितलं. त्याच्याही पुष्कळ आधी, सातव्या शतकात, बामियानच्या लेण्यांतल्या भित्तिचित्रांत वाळणारं तेल वापरल्याचं २००८ च्या सुमारास शास्त्रज्ञांनी दाखवलं. तेल लवकर वाळावं म्हणून जुने लोक त्यात मुरदाडशिंग घालून उकळत. ते शिशाचं भस्म, विषारी. पुढं त्याची जागा मँगेनीज आणि कोबाल्टच्या क्षारांनी घेतली. आज रंगाच्या दुकानात 'डबल बॉइल' म्हणून मिळतं आणि जुने रंगारी ज्याला बेलतेल म्हणतात, ते हेच. नाव उकळलेलं, पण गुण त्या क्षारांचा.

चित्रकाराच्या फळीवरून हे तेल बंदुकीवर आलं. इंग्लंडच्या ब्राउन बेस मस्केटी अक्रोडाच्या. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या लांब रायफली मेपलच्या. त्या लाकडावर लोखंड विरघळवलेलं नायट्रिक आम्ल लावून तापलेल्या लोखंडाची धग देत, तशी वाघाच्या पट्ट्यांसारखी नक्षी उमटे आणि मग त्यावर तेल. लंडनचे नामांकित बंदूकवाले जवसाच्या तेलात रतनजोतीची मुळी भिजत घालून त्याला लाल करत आणि तळहातानं आठवडेच्या आठवडे घासत. रतनजोत म्हणजे आपल्याकडं केसांच्या तेलाला आणि काश्मिरी रस्स्याला रंग देते ती. आपले संस्थानिक ह्या दुकानांचे मोठे गिऱ्हाईक. म्हणजे कितीतरी राजवाड्यांतल्या विलायती बंदुकांचा तांबूसपणा घरच्या फोडणीतल्या मुळीच्या जातीचा.

आणि मग फौजा. ली-एनफील्ड, आपण जिला थ्री-नॉट-थ्री म्हणतो ती, तिच्या दस्त्यांना कच्चं जवस तेल पाजत. पुढं तीच रायफल बंगालमध्ये इशापूरच्या कारखान्यात बनू लागली. १९६० च्या दशकात तिथं तिचीच ७.६२ मिलिमीटरची आवृत्ती निघाली आणि आपल्या पोलिसांच्या खांद्यावर ह्या घराण्याच्या रायफली एकविसाव्या शतकापर्यंत राहिल्या. अमेरिकेच्या एम-१ गारंड रायफलीचे दस्ते कारखान्यात तेलाच्या टाकीत बुडवत, आधी जवसाच्या, पुढं टंग तेलाच्याही. टंग हे चिनी झाडाच्या बियांचं तेल, चिनी होड्यांचे तळ त्यानंच राखले. पाण्याला ते जवसापेक्षा चांगलं अडवतं.

जवसाचं बी लंडनच्या बाजारात गावांच्या नावानं ओळखलं जाई आणि 'बॉम्बे' हा त्यातला एक प्रतवारीचा दर्जा होता. मुंबई बंदरातून जाणाऱ्या पोत्यांत काळ्या मातीतलं जवसही असे. एखाद्या इंग्रज शिपायाच्या हातातल्या दस्त्यावर वऱ्हाड-नागपूरच्या शेतातलं तेल असेल, ही कल्पना मला सोडवत नाही.

एक गोष्ट मात्र कुणी लपवू नये. जवसाचं तेल ओल अडवत नाही. अमेरिकेत मॅडिसनला लाकडाची सरकारी प्रयोगशाळा आहे. तिनं निरनिराळे लेप लावलेल्या लाकडाचे तुकडे दमट हवेत ठेवून मोजमाप केलं तेव्हा नुसत्या जवस तेलाचा गुण शून्याच्या जवळ निघाला. इपॉक्सी आणि वितळलेलं मेण फार वर होतं, लाख आणि पॉलियुरेथेन मधल्या रांगेत. मग शंभर-दीडशे वर्षं फौजा तेलाला का चिकटून राहिल्या? त्याचं उत्तर शिपायाच्या पिशवीत आहे. चिंधी आणि तेलाची बाटली त्याच्याजवळ असे. ओरखडा पडला, चोळ. वाळलं, चोळ. जुना हात काढावा लागत नाही, कड दिसत नाही, उन्हात चमकून शत्रूला जागा कळत नाही. तेल लावलेला दस्ता रोज थोडा झिजतो आणि रोज थोडा भरून निघतो.

मुंबईच्या मैदानावर वाढलेल्या मुलांना हे वेगळं सांगायला नको. नवी बॅट आणली की जवसाच्या तेलाची छोटी बाटली येते आणि बॅटला तेल पाजायचं, आडवी ठेवून मुरू द्यायचं. काश्मिरी विलो काय आणि काश्मिरी अक्रोड काय, रीत एकच. जुने बंदूकवाले सांगत तोही हिशेब तसाच: आठवडाभर रोज, महिनाभर आठवड्यातून एकदा, वर्षभर महिन्यातून एकदा आणि मग दरवर्षी एकदा.

मामाला 'कायमचा' हवा होता आणि मी त्याला हा हिशेब वाचून दाखवला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हंजे देवाच्या दिव्यासारखा. रोज घालूक व्हया." मला ह्याहून नेमकं सांगता आलं नसतं.

पण कोकणातला पाऊस डोळ्यांसमोर होता, म्हणून नुसत्या तेलावर सोडायचं नाही असं मी ठरवलं. दस्त्यात ओल शिरते ती बाहेरच्या गुळगुळीत अंगातून कमी आणि कापलेल्या तोंडातून जास्त. खांद्याला टेकतं त्या टोकाची पट्टी काढली तर आतलं लाकूड कोरडं ठाक, कधी काही न लागलेलं होतं. गवताच्या नळ्यांची जुडी कापून तोंड उघडं ठेवावं तसं. लांब बोल्ट जातो त्या भोकाचंही तेच. ह्या दोन्ही जागी मी पातळ केलेलं पीयू पाजलं. लाकूड पीत गेलं तोवर देत गेलो आणि दोन दिवस वाळू दिलं. जिथं हात लागत नाही, डोळा जात नाही, तिथं कडक लेपाची सगळी दुखणी गैरलागू आहेत.

बाहेरून तेल. आधी लाकूड १८० च्या आणि मग ३२० च्या पॉलिश पेपरनं रेषेच्या दिशेनं घासलं. ओल्या फडक्यानं पुसून, उठलेली कुसं वाळल्यावर पुन्हा घासली. पहिला हात डबल बॉइलमध्ये निम्मं टर्पेंटाइन घालून, पाजायचाच. अर्ध्या तासानं वर राहिलेलं सगळं पुसून काढलं. इथं बहुतेकांची चूक होते. जाड थर दिला की लवकर होईल असं वाटतं आणि वरचा पापुद्रा वाळून खाली तेल चिकट राहतं. दुसऱ्या हाताला तेल ओलं असतानाच ४०० च्या पेपरनं घासलं. त्या घासण्यानं लाकडाचा मऊ चिखल होतो, तो अक्रोडाच्या उघड्या छिद्रांत बसतो आणि तिथंच वाळतो. तिसऱ्या दिवशी दस्त्यावरून तळहात फिरवला तर कुठं खाच लागेना. चौथ्यापासून नुसते चार-पाच थेंब आणि हात. तळहात तापेपर्यंत घासायचं. तेव्हा तेल आपोआप पातळ होऊन सरकतं आणि लाकडाचा रंग चहासारखा उघडतो.

वैशाखातल्या उन्हानं काम सोपं केलं. हेच श्रावणात करायला गेलो असतो तर एक हात वाळायला आठवडा लागला असता.

चिंध्यांचं मात्र मामीला दोनदा बजावून सांगितलं. जवसाचं तेल प्राणवायू घेताना तापतं. मोकळ्या फडक्यातून ती ऊब उडून जाते, चुरगाळून कोपऱ्यात टाकलेल्या फडक्यात ती साचते आणि काडी न लावता ते पेटतं. २३ फेब्रुवारी १९९१ ला फिलाडेल्फियातली 'वन मेरिडियन प्लाझा' ही ३८ मजली इमारत अशाच चिंध्यांनी पेटली. लाकडी तक्तपोशी चकाकवणाऱ्यांनी त्या बाविसाव्या मजल्यावर ठेवल्या होत्या. अग्निशामक दलाचे तिघे जवान गेले. मी दर संध्याकाळी प्रत्येक फडकं उलगडून वाळत घातलं, दोरीवर, एकेक वेगळं, आणि कडक झाल्यावर पाण्याच्या बादलीत बुडवून मगच टाकलं.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मामानं नळी आणि लाकूड जोडलं. पडवीत उभं राहून खांद्याला लावून पाहिली, गाल टेकवला आणि तसाच थांबला. दस्त्याला तेलाचा कडवट-गोड वास होता. मग त्यानं बोटांच्या टोकांनी टोकाची पट्टी, बोल्टचं तोंड, पुढचं लाकूड असं एकेक चाचपलं आणि कपाटावरची डबल बॉइलची उरलेली बाटली खाली काढून लेबलावर बॉलपेननं लिहिलं: 'पुढचा हात, दिवाळी.'